मोर्चाला आलेलं वऱ्हाड

नागपूरजवळच्या वाडीच्या शाळेत मला नोकरी लागली त्या दिवशी आईनं सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. घरोघरी पेढे पोचल्यावर बाबांनी विचारलं, "पगार किती आहे वं?"

"सध्या नाही," मी म्हणाले. "शाळा विनाअनुदानित आहे. अनुदान आलं की सरकार देईल."

"म्हणजे कधी?"

"येईल तेव्हा."

 बाबा आईला म्हणाले, "पेढे जरा लवकरच वाटले तू."

आमचं घर विणकरांचं. मी लहान असताना पुढच्या खोलीत माग होता आणि त्याच्या खटखटीवर मी झोपायची. हातमागाचं कापड खपेनासं झालं तेव्हा बाबांनी माग विकला आणि इतवारीत एका कापडाच्या दुकानात ते विक्रीला उभे राहू लागले. पण हिशेब डोक्यात विणकराचाच राहिला. साडी मागावरून उतरली की मजुरी हातात, एवढं साधं गणित. मी शाळेतून घरी आले की ते विचारायचे, "तुमच्या मागावरून काय उतरते मग?"

"मुलं शिकतात. पास होतात."

"तर मग पोट्टे पास झाले का त्याचे पैसे काहून नाही भेटत?"

हे मुख्याध्यापकांना विचारावं, तर त्यांनाही पगार नव्हता. 

शाळा अमरावती रोडला, गोदामांच्या मागे. वर टिनाचं छत. बाहेर एखादा ट्रक मागे घ्यायला लागला की त्याचा भोंगा संपेपर्यंत शिकवणं थांबायचं. मुलांना त्याची इतकी सवय की तीही वाक्याच्या मध्येच थांबायची आणि भोंगा संपला की तिथूनच पुढे वाचायची. कुणाचे वडील ड्रायव्हर, कुणाचे गोदामात हमाल. अर्धा वर्ग घरी हिंदी बोलणारा, आणि माझा विषय मराठी. मी एकदा आवडत्या प्राण्यावर निबंध लिहायला दिला. एकानं गाईवर दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ती गाय रस्ता ओलांडताना एका ट्रकसमोर आणली. पुढचं सगळं पान त्या ट्रकबद्दल होतं: टायर किती, माल कुठला, ढाब्यावर कुठे थांबतो. शेवटी गाय सुखरूप पलीकडे गेली होती. मी त्याला पूर्ण मार्क दिले.

मला ते काम आवडायचं. हे सांगताना मी जरा जपून सांगते, कारण काम आवडतं म्हटलं की लोकांना वाटतं, मग हिला पैशाची काय गरज. गरज होतीच. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर मी घरी ट्यूशन घ्यायची. सकाळी जे व्याकरण शिकवायची त्याचे पैसे मिळायचे, दुपारी तेच व्याकरण शाळेत शिकवायची त्याचे मिळायचे नाहीत.

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. आख्खं सरकार इथं येतं आणि त्याच्यामागे आख्ख्या राज्याची गाऱ्हाणी येतात. विनाअनुदानित शाळांचे शिक्षकही दरवर्षी यायचे, मांडव टाकून धरणं धरायचे. माझ्या नोकरीच्या पहिल्या डिसेंबरात मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "बाहेरगावच्या मॅडम लोकांची राहायची सोय नाही. ज्यांचं घर नागपुरात आहे त्यांनी दोघी-तिघींना नेलं तर बरं होईल."

मी हो म्हणाले. कोल्हापूरकडच्या एका गावच्या तीन मॅडम माझ्या वाट्याला आल्या. त्यांच्या बॅगा उचलून त्यांच्याच शाळेचे एक गणिताचे सर सोबत आले. बॅगा दारात ठेवून ते निघाले, तर आई म्हणाली, "असे कसे जाता? जेवून जा." त्या दिवशी घरात सांबारवडी होती. ते पाटावर बसले, दोन वड्या खाल्ल्या आणि मग बराच वेळ कशाची तरी वाट बघत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "मावशी, सांबार मागाहून येतंय काय?"

आईला कळेना. मला कळलं आणि मी हसत आत पळाले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि ती वडीत भरपूर होती. बाबांनी त्यांना हे नीट समजावून सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे मी आल्यापासून सांबारच खातोय की." आणि आणखी चार वड्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मीही मांडवात जाऊन बसले. थंडी कडक होती. पश्चिमेकडच्या मंडळींना आमच्या थंडीचा अंदाज नव्हता, ती सगळी सतरंज्या पांघरून घोषणा देत होती. बंदोबस्ताला एक महिला पोलीस शिपाई होती. तिचा फोन सारखा वाजत होता. शेवटी ती आमच्या रांगेपाशी आली आणि त्या सरांना म्हणाली, "सर, तुमच्या फलकावर गणित शिक्षक लिहिलं आहे ना? माही पोरगी दहावीत आहे. सकाळपासून फोन करून राहिली. एक गणित तिले येऊनच नाही राहिलं."

"द्या की फोन," सर म्हणाले.

वर्तुळाची स्पर्शिका होती. सरांनी हातातला फलक उलटा केला. पुढच्या बाजूला पगाराची मागणी होती, मागची बाजू कोरी. मार्करनं वर्तुळ काढलं, फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, एवढा कॅमेरा धरा." आणि शिकवायला लागले. शिकवताना त्या माणसाचा आवाज बदलायचा. एरवी तो दबकत बोलणारा. वर्तुळ काढल्याबरोबर आपल्या घरात आल्यासारखा मोकळा झाला. माईकवरच्या नेत्याला आमच्या रांगेच्या घोषणा ऐकू येईनात म्हणून त्यानं काय चाललंय ते विचारलं, आणि कळल्यावर माईकवरून जाहीर केलं, "बंधुभगिनींनो, दोन मिनिटं घोषणा थांबवा. तिकडे गणित चालू आहे."

सगळा मांडव गप्प बसला. फोनमधून मुलीचा आवाज आला, "समजलं सर." तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिपाईबाईंनी विचारलं, "सर, तुम्ही ट्यूशनची फी किती घेता?"

"ट्यूशन न्हाई घेत. आमच्या गावात फी द्यायला कुणाकडं काय नसतंय. पहाटे डेअरीची दुधाची गाडी चालवतो, त्यावर भागतं."

"आणि शाळेचं?"

"त्याच्यासाठीच बसलोय की इथं."

 चहावाल्याला हाक मारून बाईंनी आमच्या रांगेला चहा द्यायला सांगितलं. दुपारी मोर्चा निघाला, बॅरिकेडपाशी अडवला, तिथं अडवायला काठी घेऊन त्याच बाई उभ्या. "मागे व्हा सर," त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, पण मागे व्हा."

अधिवेशन संपलं, अनुदान आलं नाही, पाहुणे परत गेले. पण त्या सरांचा फोन यायला लागला. सुरुवातीला कारण असायचं: एखाद्या मुलाचं शुद्धलेखन सुधारत नाही, काय करू? मग मी विचारायची, टक्केवारी कशी समजावू? पुढे पुढे कारण संपलं तरी फोन येत राहिला. तो पहाटे गाडी घेऊन निघायच्या आधी मला उठवायचा, कारण माझी सकाळची ट्यूशन असायची. पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. त्या वेळी आम्ही सक्करदरा तलावाच्या काठी संत्री सोलत बसलो होतो. तो म्हणाला, "एक विचारू काय? माझा पगार शून्य हाय. तुमचाही शून्य. आपण लगीन केलं तर कुणी कुणाच्या पगारावर डोळा ठेवला असं तरी म्हणणार न्हाई."

मी हो म्हणायच्या आधी हातातलं संत्रं संपवलं, कारण एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई खूश झाली. बाबा म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण माय, दोघंही फुकट राबणारे. शून्यात शून्य मिळवून तुम्ही खाणार काय?"

"दोघंही दुसरं काम करतोच ना."

"तेच तर म्हणून राहिलो. शिकवाचं काम, आणि पोट भरते दुधाच्या गाडीवर. हे काम असतं, तर त्याच्यावरच पोट भरलं असतं. काहीतरी खोट आहे. एक तर त्या माणसाच्या कामात, नाही तर देणाऱ्यात. मले पाहू दे."

आणि ते खरंच पाहायला गेले. दुकानातून सुट्टी काढली आणि एकटे कोल्हापूरच्या गाडीत बसले. माझे वडील त्याआधी उमरेडच्या पलीकडे फारसे कधी गेलेले नव्हते. आईनं बरोबर भाकरी-ठेचा दिला आणि ते परत येईपर्यंत आम्ही दोघी घरात नुसत्या इकडून तिकडे करत होतो. मी त्याला फोन करून सारखी विचारायची, "बाबा काय म्हणतात?" तो म्हणायचा, "काय न्हाई. बघतायत."

परत आल्यावर बाबांनी आधी आंघोळ केली, जेवले, आणि मग सुपारी कातरत सांगायला बसले.

"पहाटे त्याच्यासंग गाडीवर बसलो. गावोगावचे दुधाचे क्यान उचलले. मग तो घरी आला, आंघोळ करून कपडे बदलून शाळेत गेला. मी गेलो मागंमागं. मागच्या बाकावर बसलो. मले गणित काय समजते? पण मी त्याचे हात पाहिले. पोट्टे पाहिले. एका पोट्टीले येत नव्हतं, तर त्यानं तेच गणित तिले येगयेगळ्या रीतीनं सांगतलं, वैतागला नाही. तिले आलं तेव्हा सारा वर्ग हासला, तोही हासला. धागा तुटला का विणकर माग थांबवते, गाठ मारते, मग पुढं जाते. तसा तो मांगच्याले सोडून पुढं जात नाही."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय. कारीगर पक्का आहे. मालक बुडवा आहे. मालकाच्या खोटीपायी मी कारीगराले काहून नाही म्हणू?"

असं माझं लग्न ठरलं. आता तारखेचा प्रश्न आला. त्याच्या घरच्यांना आणि शाळेतल्या सगळ्यांना एवढ्या लांब आणायचं म्हणजे प्रवासाचा खर्च. तेव्हा तोच म्हणाला, "डिसेंबरात धरा की. सगळे तसेही नागपूरलाच असणार हायत."

म्हणून आमचं लग्न अधिवेशनाच्या आठवड्यात लागलं. त्याचे आईवडील आणि दोन काका मोर्चाच्या मंडळींबरोबर त्याच गाडीनं आले. दिवसभर मांडवात बसलेले शिक्षक संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या छोट्या सभागृहात आले, कुणी लातूरकडचे, कुणी जळगावचे, काहींना आम्ही ओळखतही नव्हतो. बऱ्याच जणांच्या शर्टावर मागणीचे बिल्ले तसेच होते. वरात निघाली तेव्हा बँडवाल्यांपेक्षा घोषणा देऊन तयार झालेले आवाज मोठे निघाले. मध्येच कुणीतरी सवयीनं "पगार आमच्या हक्काचा" म्हणून ओरडलं आणि आख्ख्या वरातीनं साथ दिली. गल्लीतल्या बायका गॅलरीत येऊन हसत होत्या. त्या शिपाईबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं नवरदेवाला वाकून नमस्कार केला, आणि तो इतका लाजला की अक्षता त्याच्या कानात गेल्या तरी त्याला कळलं नाही.

लग्नात मी जी साडी नेसले ती बाबांनी विणली होती. हे मला आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. उमरेडला त्यांच्या चुलतभावाकडे अजून एक माग चालू होता. दर रविवारी दुकान बंद असलं की बाबा तिकडे जायचे आणि आम्हाला सांगायचे की जमिनीचं काही काम आहे. आम्हाला जमीनच नाही, हे आईच्याही लक्षात आलं नाही. साडी सुती, जांभळी, पिवळ्या रुंद काठाची. पदराकडचं विणणं जरा सैल होतं, मग हात बसल्यावर घट्ट होत गेलं.

जेवणावळीत जावयानं त्यांना विचारलं, "मामा, या साडीची मजुरी किती धरायची?"

"याची कसली मजुरी? पोरीची साडी आहे."

मी शेजारीच होते. म्हणाले, "म्हणजे बाबा, तुम्हीही विनाअनुदानित."

पंगत हसली. बाबाही हसले, पण मग वाढायचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "नाही. मी एक साडी विणली, माह्या मनानं. दुसऱ्या साडीची मजुरी मी मोजून घेईन. तुम्ही सारे जण वर्सानुवर्सं विणून राहिले. प्रेमानं एक साडी देता येते, जनम नाही देता येत."

समोर बसलेले लातूरचे एक सर जेवता जेवता थांबले. "काका, हे उद्या माईकवर बोलाल का?" त्यांनी विचारलं.

"उद्या माहं दुकान आहे," बाबा म्हणाले आणि त्यांच्या पानात गोळाभात वाढला.

लग्नानंतर काही काळ तो तिकडे आणि मी इकडे. आपापली शाळा सोडली तर आजवर काढलेली वर्षं वाया जाणार, म्हणून कुणी सोडायला तयार नव्हतं. शेवटी त्यानं सोडली. सोपं गेलं नाही. निरोपाच्या दिवशी मुलांनी त्याला फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही, हे त्याच्या आईनं मला सांगितलं, त्यानं नाही. नागपुरात त्याला एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये काम मिळालं. पहिल्या महिन्याचा पगार खात्यात आला तेव्हा तो मोबाईल हातात धरून पलंगावर बसून राहिला. "यांची काहीतरी चूक झालेली दिसतीय," म्हणाला. त्यानं क्लासच्या कार्यालयात फोन करून विचारलंसुद्धा. चूक नव्हती. तीच स्पर्शिका, तेच वर्तुळ, तोच माणूस. तिथली मुलं हुशार आहेत, लिहायचे फळे मोठे आहेत आणि त्याला तिथं बरं वाटतं, हे मी लपवणार नाही. पण मला जर कुणी विचारलं की शिक्षकाला रास्त पगार मिळतो का, तर मी हेच सांगते: एकाच माणसाला एकाच गणितासाठी एका जागी काही मिळालं नाही आणि दुसऱ्या जागी त्याला चूक वाटावी एवढं मिळालं. यात त्याचं काम कुठं मोजलं?

मग एका वर्षी आमच्या वाडीच्या शाळेला अनुदानाचा पहिला टप्पा मंजूर झाला. पूर्ण पगार नव्हे, त्याचा लहानसा हिस्सा. मंजुरीनंतरही बरेच महिने गेले. एका दुपारी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बसलो होतो, आणि इतिहासाच्या मॅडमचा मोबाईल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग शारीरिक शिक्षणाच्या सरांचा वाजला. मग माझा. मुख्याध्यापकांचा वाजेना. ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.  शेवटी शाळेचे शिपाईभाऊ म्हणाले, "सर, तुमचा फोन सायलेंटवर असंन." तसंच होतं. फोन उघडून त्यांनी बघितलं, आणि तो सहा फुटी माणूस टेबलावर हात ठेवून खाली मान घालून रडला. मग उठला आणि स्वतः घंटा वाजवायला गेला, सुट्टी संपायला वेळ असताना.

मी दहावीच्या वर्गात गेले. बातमी मुलांपर्यंत आधीच पोचली होती. एका ड्रायव्हरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, आपको सच में आज तक पगार नहीं था?"

"नव्हता."

वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरच्या एकानं काळजीनं विचारलं, "मग आता पगार मिळाला, तर जास्त शिकवाल का?"

मी त्याला सांगितलं की नाही, होतं तेवढंच. तो निश्चिंत झाला. मग आम्ही समास उघडला. मला आठवतं, त्या दिवशी बाहेर एकही ट्रक मागे गेला नाही, की गेला असेल आणि मला ऐकू आला नसेल.

संध्याकाळी घरी सांगितलं. बाबांनी रक्कम विचारली, मी सांगितली. ते म्हणाले, "कमी आहे." मी म्हणाले, "हो, कमी आहे." पुढचे टप्पे अजून येत आहेत, रखडत, आणि प्रत्येक टप्प्यासाठी कुणीतरी मांडवात बसतं. पण त्या संध्याकाळी आई म्हणाली, आज कमी-जास्त काढायचं नाही. नवरा क्लासमधून बालुशाही घेऊन आला आणि आम्ही ती जेवणाआधीच संपवली.

त्या पैशातून मी स्वतःसाठी एकच गोष्ट घेतली. कित्येक दिवस वाचताना डोळे दुखत होते आणि मी पुढे ढकलत होते. आठवडा संपायच्या आत जाऊन चष्मा केला. सोमवारी तो लावून मी नववीच्या वह्या तपासायला बसले. तेव्हा कळलं, मुलांचं अक्षर माझ्या समजुतीपेक्षा बरंच वाईट होतं. पहिल्या वहीपासून पुन्हा सुरुवात केली.